पर्वतीवरची गोळी: एका उजव्या जवनिकेचं प्रकरण

जानेवारीतला रविवार. सकाळी सातला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. पलीकडून आप्पांचा धापा टाकणारा आवाज : "डॉक्टर, तुमची गोळी दिली, पण माणूस पडला हो!"

आप्पा माझे जुने पेशंट. वय सत्तरीच्या घरात, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. चढ चढताना छातीत भरून येतं, थांबलं की जातं, असा त्यांचा स्थिर अंजायना मी सहा वर्षं सांभाळतोय. खिशात सॉर्बिट्रेट (नायट्रेट गटातली, जिभेखाली ठेवायची गोळी) ठेवा, हे मीच त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलेलं. गोळी माझी होती हे खरंच, पण ती आप्पांसाठी होती आणि पडलेला माणूस दुसराच होता. त्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

(पुढे त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं 'काका' म्हणतो.)

काका एकसष्ट वर्षांचे. बारा वर्षांचा मधुमेह, टेल्मिसार्टनवर ताब्यात असलेला रक्तदाब, तंबाखू सोडून चार वर्षं. रोज पहाटे पर्वतीच्या एकशे तीन पायऱ्या चढायच्या, वर देवदेवेश्वराला नमस्कार करायचा, जुन्या मंडळींबरोबर अर्धा तास जगाचा निकाल लावायचा आणि खाली येऊन चहा, असा नेम. त्या दिवशी साडेसहाच्या सुमाराला वर पोचल्या पोचल्या पोटाच्या वरच्या भागात कळ आली. मळमळ झाली, दरदरून घाम फुटला, मग जबडा जड झाला. "काल हुरडा जरा जास्त झाला," असं तेच म्हणाले. पण पुण्याच्या जानेवारीत, स्वेटर घातलेल्या माणसाचा शर्ट पाठीला चिकटलेला बघून आप्पांनी ओळखलं, की हे हुरड्याचं काम नव्हे.

निदान अचूक होतं, त्याबद्दल आप्पांना पूर्ण गुण. पुढचा क्रम त्यांनी मला नंतर तीनदा सांगितला, तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आणून. सहा बेचाळीसला पाच मिलिग्रॅमची एक सॉर्बिट्रेट काकांच्या जिभेखाली. काही फरक नाही. सहा पन्नासला दुसरी. "आता खाली जाऊ, रिक्षा करू," म्हणून काकांना उभं केलं. दोन पावलं टाकली आणि काका पायरीवरच कोसळले. डोळे पांढरे, नाडी लागेना.

फोनवर मी तीनच गोष्टी सांगितल्या. तिथेच आडवं झोपवा. पाय उचलून कुणाच्या तरी मांडीवर ठेवा. एकशेआठला फोन लावा. "आणि आणखी गोळी अजिबात देऊ नका" हे चौथं बहुधा ओरडूनच सांगितलं, कारण माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. दोन मिनिटांनी आप्पा म्हणाले, "डोळे उघडलेत." ॲस्पिरिन कुणाकडे आहे का, विचारलं. दहा-बारा ज्येष्ठ नागरिक, प्रत्येकाच्या खिशात निदान दोन-तीन प्रकारच्या गोळ्या, पण ॲस्पिरिन एकाकडेही नाही.

व्यायामाला आलेल्या चार पोरांनी चादरीची झोळी करून काकांना आडवंच खाली आणलं. खुर्चीत बसवून आणलं असतं तर रक्तदाब पुन्हा आपटला असता. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, वर खुर्ची सापडली नाही एवढंच. नशीब असंही काम करतं. सव्वासातला रुग्णवाहिका आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावायला दिली आणि सलाईन लावलं. रविवार म्हणून रस्ते मोकळे होते. सोमवारी याच वेळी स्वारगेटच्या चौकात काय झालं असतं याचा विचार करवत नाही. सात पस्तीसला काका एका मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होते. मी स्कूटर काढून त्यांच्यामागून पाच मिनिटांनी पोचलो. तिथे मला काही अधिकार नव्हता, पण गोळीचा मालक या नात्याने बाहेर बसवेना.

आत जे घडलं तिथे या प्रकरणाचा गाभा आहे.

रक्तदाब १००/६६. रुग्णवाहिकेत पहिल्यांदा मोजला तेव्हा तो ७६ होता, पाव लिटर सलाईननंतर वर आलेला. नाडी मिनिटाला ५२. छातीत दोन्ही बाजूंनी श्वास स्वच्छ, फुप्फुसात पाणी नाही. कळ दहापैकी आठ. सात बेचाळीसला ईसीजी निघाला : लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटीचा उंचवटा, एव्हीएलमध्ये खड्डा. म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा ताजा झटका. एवढं एमबीबीएसच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतं.

ड्युटीवरचा निवासी डॉक्टर तरुण, चटपटीत, रात्रभर जागा. त्याने भराभर ऑर्डरी लिहिल्या. ॲस्पिरिन झालंय, टिकाग्रेलॉर १८०, ॲटोर्व्हास्टॅटिन ८०, हेपारिन, कॅथलॅबला (बंद रोहिणी उघडतात त्या विभागाला) फोन. सगळं बिनचूक. शेवटची ओळ नायट्रोग्लिसरीनची : "एनटीजी ड्रिप, मिनिटाला पाच मायक्रोग्रॅमने सुरू, कळ थांबेपर्यंत वाढवत न्या." त्यालाही दोष देता येत नाही. झटक्यावरच्या उपचारांची 'मोना' ही आद्याक्षरं (मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ॲस्पिरिन) आम्ही सगळेच घोकत आलो. रक्तदाब शंभरावर, कळ तीव्र, मग नायट्रोग्लिसरीन.

सिरिंज पंप हातात घेतलेल्या सिस्टर पन्नाशीच्या असाव्यात. त्यांनी पंप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सर, उजवीकडचे लीड लावून बघू का आधी?"

या प्रश्नाला अर्धं मिनिट लागतं. छातीच्या डाव्या बाजूला लावतात तो चौथा इलेक्ट्रोड उजव्या बाजूला तेवढ्याच अंतरावर लावायचा आणि पट्टी पुन्हा काढायची. त्याला व्ही-फोर-आर म्हणतात. पट्टी निघाली : एसटी दीड मिलिमीटर वर. झटका नुसत्या खालच्या भिंतीचा नव्हता, उजव्या जवनिकेचाही, म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याचाही होता. मग सगळ्यांना एकदम बाकीच्या खुणा दिसायला लागल्या. मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या, आणि लीड तीनमधला उंचवटा लीड दोनपेक्षा जास्त होता. कमी रक्तदाब, फुगलेली मान, स्वच्छ फुप्फुसं हे त्रिकूट पुस्तकात असतंच. कॅज्युअल्टीत मात्र काळ्या स्वेटरच्या कॉलरखाली मान झाकलेली असते, आणि स्वेटर काढायचं कुणाला सुचत नाही.

ड्रिपच्या ओळीवर काट मारली गेली.

त्या एका ओळीवर एवढा जीव का टांगला होता, ते थोडं सोडवून सांगतो. नायट्रेट गटातली औषधं, म्हणजे सॉर्बिट्रेटमधलं आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असो किंवा ड्रिपमधलं नायट्रोग्लिसरीन, शरीरात नायट्रिक ऑक्साइडचं काम करतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैलावतात. लोकांची समजूत अशी, की ही गोळी हृदयाची नळी उघडते. हृदयाच्या रोहिण्या थोड्या रुंदावतात हे खरं, पण औषधाचा मोठा परिणाम होतो तो शरीरभरच्या नीलांवर. त्या ढिल्या पडल्या की रक्त पाय आणि पोटाकडे साचतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, हृदय कमी ताणलं जातं आणि त्याची प्राणवायूची मागणी उतरते. आप्पांची कळ थांबते ती बरीचशी या हिशेबाने. तिथे पुरवठा फारसा वाढत नाही, मागणी घटते.

आता उजवी जवनिका. ही पातळ भिंतीची, फुप्फुसाकडे रक्त ढकलणारी. झटक्याने ती लुळी पडली, की स्वतःच्या जोरावर काही ढकलू शकत नाही, मागून येणाऱ्या रक्ताच्या दाबावर कशीबशी चालते. आपल्या सोसायटीतली पाण्याची मोटर आठवा. खालच्या टाकीत पाणी भरपूर असलं तर जुनी मोटरसुद्धा गच्चीवर पाणी चढवते. खालची टाकी उतरली, की मोटर नुसती घरघरते आणि वर थेंब जात नाही. नायट्रेट देणं म्हणजे खालची टाकी उपसणं. उजवीकडून डावीकडे रक्त पोचत नाही, डावी बाजू धडधाकट असूनही रक्तदाब कोसळतो. आणि रक्तदाब कोसळला, की उरल्यासुरल्या रोहिण्यांमधून स्नायूला मिळणारं रक्तही आटतं. स्नायू वाचवायला दिलेलं औषध स्नायूच्याच मुळावर उठतं.

खालच्या भिंतीच्या झटक्यांत साधारण एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांची उजवी जवनिका कमीअधिक सापडते. त्यातल्या सगळ्यांचा रक्तदाब असा पडत नाही. कॅनडातल्या रुग्णवाहिकांच्या नोंदींवरून २०१६ साली निघालेल्या एका अभ्यासात, नायट्रोग्लिसरीननंतर रक्तदाब घसरण्याचं प्रमाण खालच्या भिंतीच्या झटक्यात आणि इतर झटक्यांत जवळपास सारखंच, आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास दिसलं. त्यामुळे 'खालची भिंत दिसली, की नायट्रेट विष' असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण ज्याचा रक्तदाब आधीच एकदा आपटलाय आणि व्ही-फोर-आर वर आहे, त्याच्या बाबतीत वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

काकांना पुढे अर्धा लिटर सलाईन, मंद नाडीसाठी ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम, आणि कळेसाठी अगदी जपून, थोडं थोडं फेंटॅनिल. रक्तदाब ११२ वर स्थिरावला. आठ वीसला कॅथलॅब. उजवी रोहिणी सुरुवातीलाच, उजव्या जवनिकेला जाणाऱ्या फांदीच्याही आधी, गुठळीने पूर्ण बंद. आठ अठ्ठेचाळीसला स्टेंट बसून रक्त वाहायला लागलं. दारातून आत आल्यापासून त्र्याहत्तर मिनिटं. कळ सुरू झाल्यापासून दोन तास अठरा मिनिटं. नळी उघडताच नाडी क्षणभर चाळिसावर गेली आणि मग सावरली. दुसऱ्या दिवशीच्या एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) उजवी जवनिका फुगलेली, सुस्त, डाव्या बाजूचं पंपिंग पन्नास टक्के. चौथ्या दिवशी उजवी बाजू बऱ्यापैकी हलायला लागली होती. उजवी जवनिका मनाने उदार असते. रक्त वेळेत परत मिळालं, तर बहुधा सावरते. पाचव्या दिवशी डिस्चार्ज.

रक्तदाब नेमका कशाने पडला, यावर मी बरेच दिवस विचार केला. आप्पांच्या गोळीवर सगळं ढकलणं सोपं, पण अन्यायाचं. खालच्या भिंतीच्या झटक्यात व्हेगस मज्जातंतू चाळवतो. नाडी आणि रक्तदाब दोन्ही आपोआप उतरू शकतात. काकांनी पहाटे टेल्मिसार्टन घेतली होती, पोटात फक्त पाणी होतं, घाम गेला होता. मग दोन गोळ्या, आणि वर उभं करणं. माझ्या मते गोळी हे त्या ढिगाऱ्यावरचं शेवटचं ओझं. पण शेवटचं ओझंच माणसाच्या हातात असतं, बाकीची आधीच रचलेली असतात. शिवाय जिभेखालच्या सॉर्बिट्रेटचा परिणाम दोन-पाच मिनिटांत सुरू होतो आणि तासभर किंवा जास्तही टिकतो. कॅज्युअल्टीत काकांच्या अंगात ती अजून होती, आणि वर ड्रिप सुरू व्हायला निघाली होती.

आणखी एक प्रश्न सगळ्यांकडूनच राहून गेला होता. निवासी डॉक्टरने तो विचारला, पण काकू पलंगाशी उभ्या असताना : "काका, ती... सिल्डेनाफिल, व्हायग्रा वगैरे काही घेता का?" काका तशा कळेतही ठामपणे म्हणाले, "छे!" तिसऱ्या दिवशी काकू चहाला खाली गेल्या तेव्हा मी पुन्हा विचारलं. त्यांनी छताकडे बघत सांगितलं, "मंगळवारी." म्हणजे झटक्याच्या पाच दिवस आधी. त्यामुळे त्या घटनेशी संबंध नव्हता. पण चिठ्ठीशिवाय आणलेली ती पट्टी शनिवारी रात्री उघडली गेली असती, तर? सिल्डेनाफिल घेतल्यापासून चोवीस तास आणि त्याच जातीचं टॅडालाफिल घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देत नाहीत. नायट्रेट शरीरात सीजीएमपी नावाचा निरोप्या वाढवतं आणि सिल्डेनाफिल त्या निरोप्याचा निचरा थांबवतं. नळ पूर्ण सोडायचा आणि मोरीच्या भोकात बोळा कोंबायचा, असा प्रकार. पर्वतीच्या पायरीवर हा प्रश्न विचारायचं कुणाच्या मनातही आलं नसतं, आणि आलं असतं तरी दहा जणांत उत्तर मिळालं नसतं.

डिस्चार्जच्या दिवशी काकांची मुलगी बाणेरहून आली होती. आयटीत आहे, बरंच वाचते. तिने यादी तपासली आणि मला बाजूला घेतलं. "डॉक्टर, यात नायट्रेट कुठेच नाही. ॲटॅकनंतर ते दिलं तर हृदयाचं नुकसान मर्यादित राहतं ना? विसरलेत का हे लोक?"

प्रश्न हुशार होता, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वी जगातले मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञ नेमकं हेच म्हणत होते. म्हणून तिला वरवरचं उत्तर द्यावंसं वाटलं नाही. कँटीनमध्ये बसलो.

हृदयाचा स्नायू एका क्षणात मरत नाही, ही कल्पनाच मुळात मोठी. सॅन डिएगोमध्ये यूजीन ब्राउनवाल्ड आणि त्यांचे सहकारी मॅरोको यांनी १९७१ साली प्रयोगांतून दाखवलं, की नळी बंद झाल्यानंतरही मरणाऱ्या स्नायूचा आकार औषधांनी कमी-जास्त होऊ शकतो. १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की मृत्यू आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो. पहिली वीसेक मिनिटं जवळजवळ सगळं परत मिळण्यासारखं असतं, पाच-सहा तासांनी फारसं काही उरत नाही. मग या मधल्या वेळात हृदयाची मागणी घटवली तर? नायट्रेट मागणी घटवतंच. तर्क इतका सरळ, की मोह पडावाच.

आणि पुरावाही मिळाला. कॅनडात जगदत्त आणि वॉर्निका यांनी ३१० रुग्णांवर शिरेतून नायट्रोग्लिसरीन हळूहळू, जपून दिलं. रक्तदाब साधारण असेल तर सरासरी दाब दहा टक्क्यांनी उतरवायचा, पण ऐंशीच्या खाली कधीही नाही, असा नियम ठेवून. झटक्याचा आकार आणि हृदयाचं फुगणं, दोन्ही कमी झालं. त्याच वर्षी, १९८८ मध्ये, सलीम युसुफ आणि सहकाऱ्यांनी असे दहा लहान प्रयोग, एकूण सुमारे दोन हजार रुग्णांचे, एकत्र मांडले. मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी दिसले. तेव्हा नायट्रेट न देणारा डॉक्टर मागासलेला वाटला असता.

मग मोठे प्रयोग झाले. इटलीतल्या गिसी-३ मध्ये १९ हजारांवर रुग्ण होते. पहिला दिवस शिरेतून, नंतर त्वचेवरच्या पट्टीतून नायट्रोग्लिसरीन. निकाल १९९४ साली आला : सहा आठवड्यांनंतरच्या मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नाही. पुढच्या वर्षी आयसिस-४, तब्बल ५८,०५० रुग्ण. तोंडाने घ्यायचं मोनोनायट्रेट महिनाभर. पस्तीस दिवसांत मृत्यू औषध घेणाऱ्यांत ७.३४ टक्के, नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत ७.५४. एवढा फरक नाणं उडवूनही पडतो.

"मग आधीचे लोक खोटं बोलत होते?" मुलीने विचारलं.

नाही. मधल्या काळात जग बदललं होतं. आधीच्या प्रयोगांतल्या बहुतेक रुग्णांची नळी बंदच राहत होती. नंतरच्या प्रयोगांत ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं बहुतेकांना मिळालेली होती. शिवाय दोन्ही मोठ्या प्रयोगांत तुलनेच्या गटातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना डॉक्टरांनी कळेसाठी वेगळं नायट्रेट दिलंच होतं, त्यामुळे फरक पुसट झाला असणार. लहान प्रयोगांचा एक जन्मजात दोषही असतो. चांगला निकाल आला की छापून येतो, नाही आला की कपाटात राहतो. मला विचाराल तर सुरुवातीच्या काही तासांत थोडाफार फायदा असेलही. पण नळी उघडण्याच्या फायद्यासमोर तो हत्तीपुढे शेळीएवढा.

नायट्रेटच्या चुलत भावांवरही आशा लावून झाली. ब्रिटनमध्ये २२९ रुग्णांना अँजिओप्लास्टीच्या ऐन आधी शिरेतून सोडियम नायट्राइट दिलं. नळी उघडल्यावर रक्ताच्या अचानक लोंढ्याने स्नायूला जी इजा होते ती तरी टळेल, ही अपेक्षा होती. २०१४ साली निकाल : झटक्याचा आकार तेवढाच.

म्हणून आज नायट्रेट ठरावीक कामासाठी ठेवलंय. कळ चालू आहे, रक्तदाब खूप वर आहे, फुप्फुसात पाणी भरतंय, अशा वेळी ते उत्तम औषध आहे. डाव्या बाजूच्या झटक्यात श्वास लागून बसलेला, १९० रक्तदाबाचा माणूस नायट्रोग्लिसरीनच्या ड्रिपवर अर्ध्या तासात आडवा झोपू शकतो. मी ते कित्येकदा पाहिलंय, आणि दर वेळी बरं वाटतं. पण वरचा रक्तदाब नव्वदच्या खाली किंवा नेहमीपेक्षा तीसने उतरलेला, नाडी फार मंद किंवा फार जलद, उजवी जवनिका सापडलेली, किंवा ती दुसरी गोळी घेतलेली, यातलं काही असेल तर नाही. आणि काकांसारखं नळी उघडून कळ थांबलेली असेल तर घरी नेण्याचं कारणच नाही. बाबांच्या हृदयाचं नुकसान मर्यादित ठेवलं ते आठ अठ्ठेचाळीसच्या स्टेंटने, आणि त्याआधी सव्वासातच्या ॲस्पिरिनने.

ॲस्पिरिनबद्दल जरा रेंगाळतो, कारण मला खरी चुटपुट तीच लागून राहिली आहे. आयसिस मालिकेतलाच दुसरा प्रयोग, १९८८ चा, १७,१८७ रुग्णांचा. रोज १६२ मिलिग्रॅमच्या आसपास ॲस्पिरिन, महिनाभर. हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आले. किंमत म्हणाल तर मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा कमी. पर्वतीवरच्या त्या दहा-बारा जणांत सॉर्बिट्रेट तिघांकडे होती, ॲस्पिरिन शून्य. कारण सॉर्बिट्रेट 'हार्टची गोळी' आणि ॲस्पिरिन 'डोकेदुखीची'. गंमत म्हणजे डोकेदुखीची खरी मानकरी सॉर्बिट्रेटच. १८४७ साली तुरिनमध्ये सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन पहिल्यांदा बनवलं, चाटून बघितलं आणि डोकं ठणकायला लागलं. डायनामाइटच्या कारखान्यांतल्या कामगारांचं डोकं दर सोमवारी दुखायचं, आठवडाभरात सवय व्हायची, सुट्टीनंतर पुन्हा दुखायचं. हे आप्पांना मी पूर्वी सांगितलं होतं, तेव्हा खडकीचा माणूस खूश होऊन म्हणाला होता, "म्हणजे आमचाच माल की!" त्या सवयीमुळेच नायट्रेट रोज चोवीस तास घेतलं तर बोथट होतं, आणि नियमित घेणाऱ्याला दिवसातले आठ-दहा तास त्यापासून मोकळे ठेवावे लागतात.

ॲस्पिरिनही डोळे मिटून द्यायची गोष्ट नाही. तिचं वावडं असेल, पोटात रक्तस्राव झालेला असेल, किंवा माणूस शुद्धीत नसेल तर नाही. म्हणून आधी एकशेआठ, आणि तिथला डॉक्टर सांगेल तसं.

आप्पा मात्र आठवडाभर माझ्याकडे फिरकले नाहीत. पर्वतीही बंद केली. शेवटी काकाच काठी टेकत त्यांच्या घरी गेले. "तुम्ही घाम ओळखला नसता, तर मी घरी जाऊन सोडा प्यायलो असतो," म्हणाले. ते खरंच आहे. गोळी चुकली, पण गोळी देण्याइतका धोका आप्पांनी ओळखला म्हणून सात वाजता फोन गेला. नाही तर दुपारी बारा वाजता, कोमट पाणी, ओवा आणि 'जरा पडतो' हे सगळं झाल्यावर, काका हॉस्पिटलात आले असते, आणि मेलेला स्नायू उघडलेल्या नळीकडे बघत बसला असता.

फेब्रुवारीत आप्पा तपासणीला आले. मी त्यांची जुनी चिठ्ठी मागितली. माझ्याच अक्षरात एकच ओळ होती : "छातीत दुखल्यास सॉर्बिट्रेट ५, जिभेखाली." कुणाच्या छातीत, ते लिहिलंच नव्हतं. किती वेळा, उभं की बसून, थांबलं नाही तर काय, काहीच नाही. सहा वर्षं ती चिठ्ठी त्यांनी पाकिटात, घडी मोडू न देता जपली होती.

नवी लिहिली. आधी बसा. एकच गोळी. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरीची वाट न बघता एकशेआठ. दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही. दुसऱ्याला दुखलं तर झोपवा आणि फोन करा. 'ती' गोळी कधी घेतलीत तर मला सांगा. 'ती' भोवती मी दोन अवतरणचिन्हं टाकली, आप्पांनी वाचून गालातल्या गालात हसून घेतलं.

मग चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ आणला.

"डॉक्टर, एवढं सगळं लिहिलंत ते छान केलंत," ते म्हणाले, "आता टाईप करून द्या. मागच्या चिठ्ठीतलं एवढंच वाचता आलं होतं, म्हणून तेवढंच केलं."